एका कागदावर अनेक पानं : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लातूरच्या ट्यूशन एरियात माझं झेरॉक्स आणि डीटीपीचं दुकान आहे. नीट, जेईई, एमपीएससी, पोलीस भरती, सगळ्याची तयारी करणारी पोरं इथे येतात. बीड, नांदेड, परभणी, धाराशिव, हिंगोलीच्या खेड्यांतून आलेली, खोली करून राहिलेली. मोबाईलमध्ये चारशे पानांची पीडीएफ असते आणि घरून येणारे महिन्याचे पैसे मोजलेले असतात. "ताई, लहान करून काढा की, एका कागदावर बसतील तेवढी बसवा," असं मला रोज ऐकायला मिळतं. बसवायला सॉफ्टवेअर कधी नाही म्हणत नाही, सोळा पानंसुद्धा बसवून देतं. पण रात्री खोलीतल्या एका बल्बखाली ती वाचता येतील का, हे कागद मशीनमध्ये जाण्याआधी बघावं लागतं. त्यासाठी मी समोरच्याला जे सांगते ते इथे लिहिलं आहे.

एका कागदावर अनेक पानं म्हणजे नेमकं होतं काय?

सॉफ्टवेअर कागदाचे सारखे चौकोन पाडतं आणि प्रत्येक चौकोनात एक अख्खं पान लहान करून ठेवतं. दोन पानं ठेवली तर टू-अप, चार ठेवली तर फोर-अप. दुकानात आम्ही टू इन वन, फोर इन वन म्हणतो. इथे अक्षर एकटं लहान होत नाही. समास, ओळींमधली जागा, पानाच्या तळाशी रिकामी सुटलेली जागा, कोचिंगचा लोगो, सगळं त्याच प्रमाणात आकसतं. म्हणजे चार पानांच्या कागदावर चार पानांचा कोरा भागही छापला जातो. पुढचे निम्मे प्रश्न याच एका गोष्टीतून निघतात.

किती पानं घेतली तर अक्षर केवढं उरतं?

ए-फोर कागद २१० बाय २९७ मिलिमीटरचा असतो. मधोमध घडी घातली की ए-फाइव्ह होतो आणि लांबी-रुंदीचं प्रमाण तेच राहतं. म्हणून ए-फोरची दोन पानं ए-फोरवर बसवली की पान ७१ टक्के होतं. झेरॉक्स मशीनवर ७१ आणि १४१ असे दोन तयार आकडे असतात, ते याच हिशेबातून आलेले. चार पानं बसवली की ५० टक्के, आठ बसवली की ३५ टक्के, नऊला ३३ आणि सोळाला २५ टक्के.

मूळ अक्षर १२ पॉइंटचं धरा. टू-अपमध्ये ते साडेआठ पॉइंट होतं, फोर-अपमध्ये ६, आठ पानांत सव्वाचार, सोळा पानांत ३. एक पॉइंट म्हणजे साधारण ०.३५ मिलिमीटर. त्यात बहुतेक लेझर प्रिंटर कागदाच्या कडेला चारेक मिलिमीटर जागा सोडतात, त्यामुळे प्रत्यक्षात अक्षर या आकड्यांपेक्षा थोडं लहानच येतं.

सहा पानांचा पर्याय पुष्कळ जण "आठपेक्षा मोठं दिसेल" म्हणून मागतात. दिसत नाही. उभी ए-फोर पानं आडव्या कागदावर तीन बाय दोन मांडली की प्रत्येक पानाच्या वाट्याला ९९ बाय १०५ मिलिमीटर जागा येते. रुंदी भरपूर, पण उंची १०५ च, म्हणून पान ३५ टक्केच होतं. चार बाय दोन मांडलेल्या आठ पानांतही उंची १०५ च असते आणि पान तितकंच येतं. सहा पानं काढणारा तेवढंच बारीक अक्षर वाचतो आणि दोन पानांची जागा कोरी सोडतो. उभ्या पानांसाठी दोन, चार आणि आठ हेच आकडे कामाचे.

मराठी मजकुराला किती चालतं?

इंग्रजीपेक्षा एक पायरी अलीकडे थांबायचं. देवनागरी अक्षराला तीन मजले असतात. वर वेलांटी, मात्रा, रफार, अनुस्वार, मध्ये अक्षर, खाली उकार आणि हलन्त. बारा पॉइंटमध्ये हे तिन्ही मजले बसवायचे असल्यामुळे मधल्या अक्षराच्या वाट्याला उंची कमी येते. ६०० डीपीआयच्या, म्हणजे एका इंचात ६०० ठिपके काढणाऱ्या लेझर प्रिंटरवर ३ पॉइंटचं अक्षर उभ्यात फक्त २५ ठिपक्यांचं असतं. तेवढ्यात तिन्ही मजले. घ आणि ध, भ आणि म, ष आणि प यांत फरक एखाद्या रेघेचा किंवा गाठीचा, तो आधी जातो. अनुस्वार उडतो, मग वंशचं वश होतं. जोडाक्षरं भरून काळी होतात. इंकजेटवर साध्या कागदात शाई पसरते म्हणून हे आणखी लवकर होतं.

माझा दुकानातला नियम असा: मराठी मजकूर छापून झाल्यावर ७ पॉइंटच्या खाली जाऊ द्यायचा नाही, इंग्रजी ६ च्या खाली नाही. रोज दहा-दहा तास वाचणाऱ्या पोरांना मी यापेक्षा लहान काढून देताना दोनदा विचारते.

आणि फॉन्टचा आकडा बघून फसू नका. विंडोजमधला कोकिळा फॉन्ट १२ पॉइंटला मंगलच्या मानाने बराच लहान दिसतो. आकड्यापेक्षा अक्षर कागदावर किती उंच आलं तेच खरं.

गणित, फिजिक्स, केमिस्ट्रीच्या नोट्स फोर-अप काढू का?

छापील असतील तर टू-अप काढा. १२ पॉइंटच्या मजकुरात घातांक सात-आठ पॉइंटचा असतो. चार पानांत तो चारच्या खाली येतो, आठ पानांत तीनच्याही खाली.

काही वर्षांपूर्वी एका मुलीला मी फिजिक्सच्या सूत्रांची पीडीएफ आठ-आठ पानं करून दिली होती. तिनेच मागितली होती, पण कागद हातात देताना नीट बघणं माझं काम होतं. चार दिवसांनी ती परत आली. दहाच्या डोक्यावरचा वजा सात तिने नुसता सात म्हणून पाठ केला होता, कारण वजाची रेघ छापलीच गेली नव्हती. तेव्हापासून घातांक असलेली फाईल आली की मी आधी एकच कागद काढते, घातांकावर बोट ठेवते आणि समोरच्याला मोठ्याने वाचायला लावते.

अक्षर मोठं ठेवूनही कागद वाचवता येतो का?

येतो, आणि माझ्या मते सगळ्यात जास्त फायदा इथेच आहे. आधी समास कापा, मग पानं बसवा.

साध्या वर्ड फाईलला चारी बाजूंनी एक इंच समास असतो. म्हणजे २१० बाय २९७ च्या पानात मजकूर फक्त १५९ बाय २४६ मिलिमीटरमध्ये असतो. मजकुराभोवती पाच मिलिमीटर ठेवून बाकीचा समास कापला आणि मग चार पानं बसवली, तर पान ५० ऐवजी ५८ टक्के येतं. सहा पॉइंटचं अक्षर सात पॉइंटचं होतं. टू-अपला ७१ चे ८२ टक्के होतात आणि १२ पॉइंटचं अक्षर जवळपास दहा पॉइंटचं राहतं. कागद तेवढेच, पैसे तेवढेच.

समास कापायला ब्रिस नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे. ते सारखी दिसणारी सगळी पानं एकावर एक ठेवून दाखवतं, सम आणि विषम पानं वेगळी, म्हणजे कुठपर्यंत मजकूर येतो ते एका नजरेत कळतं. त्यावर चौकोन ओढायचा, झालं. लिनक्सवर (विंडोजऐवजी वापरतात ती फुकट प्रणाली) पीडीएफक्रॉप हेच काम आपोआप करतं. पण ज्या नोट्सच्या प्रत्येक पानावर तळाला पत्ता आणि वर बॅनर असतो, तिथे ते त्यालाही मजकूर समजतं आणि समास तसाच राहतो. अशा वेळी हाताने चौकोन ओढलेला बरा.

मूळ वर्ड फाईलच तुमच्याकडे असेल तर पान लहान करूच नका. समास अर्धा इंच करा, दोन रकाने करा, दीडपट ओळी सोडलेल्या असतील तर त्या एकपट करा आणि फॉन्ट ९ किंवा १० ठेवा. मजकूर नव्याने वाहतो आणि कोरी जागा छापली जात नाही. वर्तमानपत्रात रकाने असतात त्यामागे आणखी एक कारण आहे: बारीक अक्षराची लांब ओळ वाचताना नजर पुढची ओळ चुकते, आखूड ओळीत चुकत नाही.

यासाठी वेगळं सॉफ्टवेअर विकत घ्यावं लागतं का?

बहुतेकांना नाही. तुमच्याकडे आहे त्यातच सोय असते.

अडोबी रीडरमध्ये प्रिंटच्या खिडकीत 'मल्टिपल' नावाचं बटण आहे. ते दाबलं की दोन, चार, सहा, नऊ, सोळा असे आकडे येतात. आठ त्यात नाही, पण 'कस्टम' निवडून चार बाय दोन टाकता येतं. तिथेच पानांभोवती रेघ काढण्याची खूण आहे, ती करा. बारीक अक्षरात एक पान कुठे संपलं ते रेघेशिवाय कळत नाही. वर्डमध्ये प्रिंटच्या पडद्यावर सगळ्यात खाली 'वन पेज पर शीट' लिहिलेलं असतं, त्यावर दाबून दोन, चार, सहा, आठ, सोळा निवडता येतात. क्रोममध्ये 'मोअर सेटिंग्ज' उघडलं की 'पेजेस पर शीट' सापडतं. लिबरऑफिसमध्येही आहे, आणि तिथे दोन पानांमधलं अंतर मिलिमीटरमध्ये ठरवता येतं.

विंडोजसाठी फाईनप्रिंट नावाचं विकतचं सॉफ्टवेअर आहे. ते प्रिंटर असल्यासारखं यादीत दिसतं. वर्ड, ब्राउझर, पीडीएफ, कुठूनही आलेली पानं ते एकत्र साठवतं, नको ती पानं काढून टाकू देतं आणि मग एका कागदावर दोन, चार किंवा आठ बसवतं. रोज शंभर जणांचं काम असलेल्या दुकानाला ते परवडतं, विद्यार्थ्याला गरज नाही.

एक चूक मात्र नेहमी होते. प्रिंटरच्या ड्रायव्हरमध्येही, म्हणजे कॉम्प्युटरमधून प्रिंटर चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्येही, हीच सोय असते. अडोबीत चार निवडलं आणि ड्रायव्हरमध्ये आधीच्या गिऱ्हाईकाचं चार तसंच राहिलं, तर चार चोक सोळा पानं एका कागदावर येतात. एका ठिकाणी निवडायचं, दुसऱ्या ठिकाणी एक आहे याची खात्री करायची.

पीडीएफ मोबाईलमध्ये आहे, तिथूनच होईल का?

प्रत्येक फोनच्या प्रिंटच्या पडद्यावर ही सोय असेलच असं नाही. कॉम्प्युटरवर एकदा चार पानांची नवी पीडीएफ करून घ्या. विंडोज १० पासून 'मायक्रोसॉफ्ट प्रिंट टू पीडीएफ' कॉम्प्युटरमध्येच असतं, त्यावर प्रिंट दिली की तयार फाईल मिळते. ती फोनमध्ये ठेवा, मग गावाकडच्या कोणत्याही दुकानात काढता येते आणि दुकानदाराला काही सांगत बसावं लागत नाही.

लिनक्सवर काय वापरतात? प्रोग्रामचा कोड छापायचा आहे.

हा प्रश्न इंजिनिअरिंग आणि पॉलिटेक्निकची मुलं विचारतात, आणि उत्तर द्यायला मला मनापासून आवडतं, कारण या कामाची सगळ्यात जुनी हत्यारं तिथेच आहेत. कोड, लॉग, आज्ञावलीचे निकाल असा नुसता अक्षरी मजकूर कागदावर घेताना अर्धं पान कोरंच जायचं. म्हणून एमपेज, ए-टू-पीएस, एनस्क्रिप्ट हे प्रोग्राम आले. एमपेज एका कागदावर दोन, चार किंवा आठ पानं बसवतो. ए-टू-पीएस काही न सांगताही आडव्या कागदावर दोन रकाने मांडतो, वर फाईलचं नाव आणि पान क्रमांक टाकतो, आणि कोड असेल तर भाषेतले खास शब्द ठळक करतो. पीएसएनअप तयार पोस्टस्क्रिप्ट फाईलची पानं लहान करून मांडतो. अडोबीने १९८४ मध्ये आणलेली पोस्टस्क्रिप्ट ही पानाचं वर्णन करणारी भाषा या सगळ्यांच्या मुळाशी आहे. अक्षरं तिच्यात आकृती म्हणून लिहिलेली असतात, त्यामुळे पान कितीही लहान केलं तरी कडा फाटत नाहीत. पीडीएफचंही तेच.

पण ए-टू-पीएस आणि एनस्क्रिप्टला युनिकोड मराठी (प्रत्येक अक्षराला सगळीकडे एकच ठरलेला क्रमांक असणारी हल्लीची पद्धत) समजत नाही. कोडमध्ये मराठी टिपा लिहिल्या असतील तर त्यांच्या जागी कचरा छापला जातो. त्यासाठी पॅप्स वापरा. तो पँगो या अक्षरजुळणीच्या सॉफ्टवेअरवर चालतो, त्यामुळे जोडाक्षरं आणि वेलांट्या जागच्या जागी येतात.

पीडीएफ असेल तर पीडीएफजॅम. लॅटेक या मजकूर जुळवणीच्या सॉफ्टवेअरमधला पीडीएफपेजेस नावाचा संच वापरून तो पानं मांडतो, दोन बाय दोन किंवा चार बाय दोन सांगितलं की नवी फाईल तयार. आणि थेट प्रिंटच द्यायची असेल तर लिनक्स आणि मॅक दोन्हीकडे छपाई सांभाळणाऱ्या कप्समध्ये 'नंबर-अप' हा पर्याय असतो. तो एक, दोन, चार, सहा, नऊ, सोळा एवढेच आकडे घेतो. आठ हवे असतील तर पीडीएफजॅमकडे वळावं लागतं.

ऑनलाईन क्लासच्या स्लाईड्स किती बसवाव्यात?

इथे हिशेब वेगळा, कारण स्लाईड आडवी असते. हल्लीच्या स्लाईड्स सोळा बाय नऊच्या असतात. उभ्या कागदावर दोन रकाने केले की प्रत्येक स्लाईड १०५ मिलिमीटर रुंद आणि साधारण ५९ मिलिमीटर उंच होते. सहा स्लाईड काढल्या तर प्रत्येकीला ९९ मिलिमीटर उंची मिळते, म्हणजे ४० मिलिमीटर वाया. २९७ ला पाचाने भागलं की ५९.४ येतात. दोन बाय पाच, म्हणजे दहा स्लाईड त्याच आकारात, एक कणही लहान न होता बसतात. अडोबीच्या 'कस्टम'मध्ये दोन आणि पाच टाका, कागद उभा ठेवा. हे समोर करून दाखवलं की पोरं आधी विश्वास ठेवत नाहीत, मग पट्टीने मोजतात. शेजारी टिपणं लिहायची असतील तर मात्र सहाच घ्या, खालच्या कोऱ्या जागेचा उपयोग होतो.

काळ्या किंवा गडद हिरव्या फळ्याच्या स्लाईड्स असतील तर आधी रंग उलटे करून घ्या. नाहीतर अर्धा टोनर फळा रंगवण्यात जातो आणि पांढरी बारीक अक्षरं काळ्यात बुडतात.

पाठपोट काढलं तर मागची बाजू उलटी येते. का?

कागद कोणत्या कडेवर पालटायचा, ते चुकीचं निवडलं गेलं. एका पानाचा उभा कागद असेल तर 'लाँग एज', म्हणजे लांब कड. टू-अपमध्ये कागद आडवा धरून वाचतो, तिथे डावीकडची कड आखूड असते, म्हणून 'शॉर्ट एज'. चार पानांचा कागद पुन्हा उभा, पुन्हा लांब कड. आठ पानांचा आडवा, आखूड कड. भिंतीवरच्या कॅलेंडरसारखी पानं वर पालटायची असतील तर मात्र उलट निवडा.

प्रिंटर आपोआप पाठपोट करत नाही. हाताने कसं करू?

"आधी विषम, मग सम पानं" हा नेहमीचा उपाय इथे गोंधळ घालतो. चार पानं एका कागदावर घेऊन विषम पानं मागितली की अडोबी मूळ फाईलमधली १, ३, ५, ७ ही पानं एका कागदावर बसवतो. म्हणून आधी चार-चार पानांची नवी पीडीएफ करायची, आणि त्या नव्या पीडीएफची विषम पानं, मग कागद पालटून सम पानं काढायची. पहिल्यांदा दोनच कागदांवर करून बघा. कागद कोणत्या बाजूने परत घालायचा हे प्रत्येक प्रिंटरचं वेगळं असतं. कळलं की प्रिंटरवर पेन्सिलने बाण काढून ठेवा.

भजनी मंडळासाठी घडी घालून शिवायची पुस्तिका हवी आहे. टू-अप चालेल?

नाही. टू-अपमध्ये १ च्या शेजारी २ येतं. घडीच्या पुस्तिकेत १ च्या शेजारी शेवटचं पान यावं लागतं. त्यासाठी 'बुकलेट' निवडा, लिबरऑफिसमध्ये त्याला 'ब्रोशर' म्हणतात. सोळा पानांची पुस्तिका चार कागदांत होते. सगळ्यात बाहेरच्या कागदावर एका बाजूला १६ आणि १, मागे २ आणि १५. पुढच्यावर १४ आणि ३, मागे ४ आणि १३. कागदाच्या एका बाजूवर शेजारी छापलेल्या दोन पानांची बेरीज कायम १७ येते. बेरीज चुकली की मांडणी चुकली, एवढं बघितलं तरी सगळा गठ्ठा वाया जायचा वाचतो.

पानं चारच्या पटीत असावी लागतात. तीस असली तर शेवटी दोन कोरी येतात. तिथे वारीचा मार्ग किंवा मंडळातल्या लोकांचे फोन नंबर टाकायला सांगते मी. पाठपोट आखूड कडेवर. पंधरा-सोळा कागदांच्या वर गेलं की मधली पानं बाहेर डोकावतात आणि घडी फुगते, तेव्हा दोन भाग करा. साधा स्टेपलर मध्यापर्यंत पोचत नाही. लांब हाताचा नसेल तर सुई-दोऱ्याने तीन टाके घाला. पुस्तिका वर्षानुवर्षं हातात फिरते, टाके जास्त टिकतात. आणि ही पुस्तिका बहुधा वयस्कर माणसं, मंदिरात, संध्याकाळच्या उजेडात उघडतात. मूळ फाईलमध्येच अक्षर १८ पॉइंटचं ठेवा म्हणजे घडीनंतर बाराच्या पुढे राहील.

चार पानं काढून कापून खिशात ठेवायची आहेत.

एका बाजूनेच छापणार असाल तर काही अडचण नाही. पाठपोट असेल तर थांबा. पुढच्या बाजूला वर डावीकडे १ आणि उजवीकडे २ आहे, मागच्या बाजूला वर डावीकडे ५ आणि उजवीकडे ६. कागद पालटला की डावं-उजवं बदलतं आणि १ च्या मागे ६ येतं. मागच्या बाजूची मांडणी उजवीकडून डावीकडे करावी लागते. दुकानदाराला "कापायचं आहे" हे आधीच सांगा.

फाईल श्रीलिपीत आहे आणि छापल्यावर भलतंच येतं.

श्रीलिपी, कृतिदेव, आयएसएमचे जुने फॉन्ट युनिकोड नाहीत. त्यांत मराठी अक्षराच्या जागी आतून इंग्रजी अक्षराचाच क्रमांक असतो, फॉन्ट फक्त चेहरा बदलतो. तो फॉन्ट माझ्या कॉम्प्युटरवर नसेल तर चेहरा जातो आणि इंग्रजी चिन्हांचा भडिमार दिसतो. ज्या कॉम्प्युटरवर फाईल नीट दिसते तिथेच तिची पीडीएफ करून आणा. पीडीएफमध्ये फॉन्ट सोबत येतो. जुन्या पतसंस्थांचे अहवाल, लग्नपत्रिका, ग्रामपंचायतीचे ठराव अजून याच फॉन्टांत येतात, म्हणून हा प्रश्न संपत नाही.

वहीच्या पानांचे फोटो काढून पीडीएफ केली आहे. ती लहान करता येईल का?

टू-अपपर्यंत, आणि तेही आधी साफ करून. फोटोत कागद पांढरा नसतो, राखाडी असतो. प्रिंटर राखाडी रंग ठिपक्यांनी भरतो आणि त्या ठिपक्यांत बारीक अक्षर हरवतं. स्कॅनच्या ॲपमध्ये काळं-पांढरं निवडा, कडा कापा. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवलात तर तो दाबला जातो. डॉक्युमेंट म्हणून पाठवा. निळ्या पेनाने फिकं लिहिलेलं असेल तर चार पानांचा नाद सोडा.

सातबारा, आधार, पासबुक एकाच कागदावर काढून द्या.

पीक विम्याच्या दिवसांत हा प्रश्न रोजचा. आधारच्या पुढच्या-मागच्या बाजू एका कागदावर मूळ आकारात घेणं वेगळं आणि अख्खा सातबारा अर्धा करणं वेगळं. डिजिटल सहीच्या सातबाऱ्यावर पडताळणीची खूण असते. अर्ध्या आकारात ती स्कॅन झाली नाही तर शेतकऱ्याला पुन्हा तालुक्याची खेप पडते, बसभाडं आणि दिवसाची मजुरी जाते. कार्यालयात द्यायची कागदपत्रं मी पूर्ण आकारातच काढते. घरच्या फायलीसाठी टू-अप चालेल. लीगल आकाराचं पान टू-अप केलं तर ते ५९ टक्क्यांवर येतं, हेही लक्षात ठेवा, कारण ते लांब असतं.

कागद आणि पैसे नेमके किती वाचतात?

चारशे पानांच्या नोट्स धरा. ७५ जीएसएमचा, म्हणजे चौरस मीटरला ७५ ग्रॅम भरणारा, एक ए-फोर कागद साधारण ४.७ ग्रॅमचा. एकेरी काढल्या तर चारशे कागद, साधारण १ किलो ८७० ग्रॅम. टू-अप पाठपोट काढल्या तर शंभर कागद, साधारण ४७० ग्रॅम. दिवाळीला गावाकडे जाताना एसटीत मांडीवर पिशवी घेऊन बसणाऱ्याला हा फरक कळतो. पैशाचं मात्र वेगळं आहे. दुकानात दर बहुतेक बाजूवर लागतो, कागदावर नाही. पाठपोट केल्याने कागद निम्मा होतो पण बाजू तेवढ्याच राहतात. पैसे वाचतात ते पानं एकत्र बसवल्याने: टू-अपला चारशेच्या दोनशे बाजू.

दौलताबादहून खुलताबादकडे जाताना कागजीपुरा लागतं. तिथे हाताने कागद करतात. तुघलकाने राजधानी दौलताबादला आणली तेव्हापासूनची ही कला, असं तिथे सांगतात. लगद्याच्या पाण्यातून चाळणीवर एकेक कागद उचलताना मी पाहिला आहे. त्यानंतर कोरी जागा छापून फेकायला माझा हात धजत नाही.

परीक्षेसाठी मायक्रो झेरॉक्स करून मिळेल का?

नाही. पाठांतराला लहान पानं हवीत की वर्गात लपवायला, हे मागणाऱ्याच्या बोलण्यावरून आणि तारखेवरून कळतं. परीक्षांतल्या गैरप्रकारांना आळा घालणारा राज्याचा कायदा १९८२ पासून आहे, आणि परीक्षेच्या दिवसांत केंद्राजवळची झेरॉक्सची दुकानं बंद ठेवण्याचे आदेश निघतात, ते मी पाळते. पण कायदा नसता तरी माझं उत्तर हेच असतं. शेजारच्या बाकावर ज्वारी विकून फी भरलेल्या घरचं पोर प्रामाणिकपणे पेपर लिहीत बसलेलं असतं आणि त्याचंही पान मीच छापून दिलेलं असतं.

बाजारात मिळणारं अख्खं पुस्तक स्कॅन करून लहान छापून द्या, ही मागणीही मी घेत नाही. एनसीईआरटीची पुस्तकं त्यांच्या संकेतस्थळावर फुकट आहेत, ती उतरवून घ्या.

माझ्याकडे फाईल नाही, फक्त छापील कागद आहेत.

मशीनवर दोन पानं शेजारी ठेवून ७१ टक्क्यांनी घेता येतात. मोठ्या मशीनमध्ये टू इन वन, फोर इन वन अशी बटणंही असतात. पण झेरॉक्सची झेरॉक्स प्रत्येक वेळी थोडी खराब होते, त्यात लहान केली की दुप्पट. शक्यतो वर्गातल्या ज्या मित्राकडे पहिली प्रत आहे तिच्यावरून काढा. टोनर वाचवण्याचा मोड बंद करायला सांगा; त्यात शिरोरेघ तुटते आणि मराठीत शिरोरेघ तुटली की शब्द सुटे होतात. कागद मिळाला की दुकानातच, सगळ्यात बारीक ओळ शोधून, हातभर लांब धरून एकदा वाचा. वाचता आली नाही तर पुढचे कागद काढण्याआधी सांगा, तेव्हा बदलता येतं.